घ्या, बोला

ऋजुतानं अट घातली ती स्वयंपाकघरात, गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवून. अंटार्क्टिकावर हिवाळा काढणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती. निघायला अजून वर्ष होतं, पण एकदा गेलं की सव्वा वर्ष बर्फावर. मध्येच परत यायची सोय नाही. तिकडच्या हिवाळ्यात विमानही उतरत नाही. वडिलांकडे न बघताच ती म्हणाली, "तुम्ही कुणाला तरी दाखवल्याशिवाय मी जाणार नाही."

"मला काय झालंय?" शशिकांत डुबल म्हणाले.

"तेच दाखवायचं."

वैशालीला, म्हणजे ऋजुताच्या आईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जन्म काढलेला हा माणूस मुळातच अबोल; बायको गेल्यावर बोलायचाच थांबला. जेवायची आठवण राहत नसे. सकाळी पुस्तक उघडत आणि संध्याकाळी त्याच पानावर मिटत. लेकीशी बोलणं तर त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. ती शिकायला बाहेर पडल्यापासून घरातली रीत ठरलेली होती. फोन वैशाली लावायची. जेवलीस काय, केस कापलेस कशाला, इथपर्यंत सगळं तीच बोलायची आणि शेवटी फोन त्यांच्यापुढे धरून म्हणायची, "घ्या, बोला." मग ते विचारत, "बरी आहेस ना?" पलीकडून "हो" यायचं. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

आता फोन हातात द्यायला कुणी नव्हतं. ऋजुता गोव्याहून, नोकरीच्या गावाहून, रविवारी फोन करायची, पण "बरी आहेस ना?"च्या पुढे काही येत नसे, म्हणून तोही लवकर संपायचा.

डॉक्टर कसा शोधायचा हेही तिनं गोव्याला परत जाण्यापूर्वी बजावलं. नुसतं डोकं बघणारा नको, सगळा माणूस बघणारा हवा. आणि कुठवर पोचायचं ते पहिल्याच दिवशी ठरवणारा हवा. "नाहीतर वर्षभर खुर्चीत बसून याल आणि विचारलं की म्हणाल, बरं चाललंय."

शशिकांतरावांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुसऱ्या बाई फक्त लहानपण विचारायच्या. त्यांनी एकदा स्वप्न विचारलं, तेव्हा त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून शशिकांतरावांनी पुस्तकात वाचलेलं एक स्वप्न आपलं म्हणून सांगितलं. बाईंनी ते फार मन लावून ऐकलं. त्या शरमेनं ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या डॉक्टर रेवती नलवडे. कराडातच, बियाण्यांच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. त्यांनी सकाळी काय खाता ते विचारलं, गुडघे बघितले, संध्याकाळी कुठल्या खुर्चीत बसता, भाजी कोण आणतं, हेही विचारलं. मग म्हणाल्या, "घरात पूर्वी असलेला आणि आता नसलेला आवाज कुठला?" शशिकांतराव बराच वेळ खाली बघत राहिले. डॉक्टरांनी घाई केली नाही. हीच ती, असं त्यांना वाटलं.

"सहा महिन्यांनी तुम्ही बरे झालात असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "ते कशावरून ओळखायचं?"

"घरात ऋजुताचा आवाज असेल," ते बोलून गेले.

"हे दुसऱ्या माणसाचं झालं, काका. तुमच्या हातातलं काहीतरी सांगा."

त्यांनी खरोखर विचार केला. पण तुला काय हवंय असं विचारलं की पोराबाळांचं नाव पुढे करायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आई तेच करायची, वैशालीनंही तेच केलं. "एवढंच सुचतंय. असू द्या हेच," ते म्हणाले. डॉक्टरांनी ते तात्पुरतं म्हणून नोंदवलं. पुढच्या वेळी बदलू म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांनी विचारलंही, पण शशिकांतराव इतक्या समाधानानं "ठीक चाललंय" म्हणाले, की तो विषय तसाच राहिला. त्या चुकीत दोघांचाही वाटा होता.

उपचारांचा रोजचा भार 'समतोल' नावाच्या यंत्रणेवर होता. दंडावर चिकटवायची एक पट्टी आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायची एक डबी, एवढाच तिचा पसारा. पट्टी नाडी, रक्तदाब, घाम, झोपेची खोली मोजायची आणि रक्तदाबाचं व झोपेचं औषध कणाकणानं अंगात सोडायची. डबी घरातले आणि फोनमधले आवाज ऐकायची, सकाळी उठवायची, दिवे कमीजास्त करायची, काय खावं, कधी फिरायला जावं ते सांगायची. माणूस असा का वागतो हे समतोलला कळत नसे आणि कळायची गरजही नव्हती. जुना रेडिओ लावताना आपण खुंटी किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवतो. स्टेशन कुठं आहे ते ठाऊक नसतं, खरखर कमी झाली की हात थांबतो. समतोल हेच करायचा. फक्त त्याच्याकडे खुंट्या पुष्कळ होत्या आणि कंटाळा नव्हता. जुने डॉक्टर एक खुंटी पिळून बघत. समतोल झोप, मीठ, ऊन, औषध, उजेड या सगळ्या मिळून फिरवायचा. प्रत्येक खुंटी कुठवर न्यायची याची मर्यादा डॉक्टरांनी बांधून दिलेली. आणि स्टेशन कुठलं, तर जे माणसानं ध्येय म्हणून सांगितलं ते.

शिवाय ऋजुतानं हट्टानं एक सोय करून घेतली होती. तिच्या फोनवर बाबांच्या प्रकृतीचा एक दिवा असायचा. ठीक असेल तर हिरवा, बिघडली तर पिवळा, फारच बिघडली तर नारिंगी.

पहिले काही महिने चांगले गेले. शशिकांतराव वेळेवर जेवू लागले, सकाळी नदीवरच्या प्रीतिसंगमापर्यंत चालून येऊ लागले. पुस्तकाची पानं उलटू लागली. मग एकदा शेजारच्या पिसाळवहिनींनी आणून दिलेली घेवड्याची उसळ त्यांना बाधली. दिवा पिवळा झाला. ऋजुतानं त्या दिवशी तीनदा फोन केला, आणि फळीवरच्या डबीनं तिचा आवाज तीनदा ऐकला. खरखरीतून स्टेशन लागलं होतं.

त्यानंतर जे झालं ते इतकं हळू झालं की कुणाला दिसलं नाही. डबी त्यांना पहाटे जरा लवकर उठवू लागली. दुपारची झोप टळू लागली. जेवणातलं मीठ कमी झालं, रक्तदाबाचं औषध कणभर वाढलं, फिरायची वेळ उन्हाकडे सरकली. शशिकांतरावांना उठताना दाराची चौकट धरावी लागे. आवाज बारीक झाला. दिवा बहुतेक पिवळाच राहू लागला आणि ऋजुता रोज फोन करू लागली.

आता ती काय खाल्लं विचारायची, काय वाचताय विचारायची. एकदा म्हणाली, वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवलं. मग ते रोजचंच झालं. लेक मोठी झाल्यापासून ते तिच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. दिवाळीला ती आली, तेव्हा समतोलला हवं ते मिळालं. त्यानं सगळ्या खुंट्या सैल सोडल्या आणि शशिकांतरावांच्या गालांवर रंग आला. ती गेली आणि ते पुन्हा खचले. आपण विरहानं झुरतो आहोत असा अर्थ त्यांनी लावला. पुस्तकांत असं पुष्कळदा घडतं. डॉक्टर नलवडेंना काळजी वाटली. त्यांनी हृदयाच्या तपासण्या करवल्या, रक्त तपासलं. सगळं मर्यादेत होतं.

मग ऋजुता बर्फातल्या प्रशिक्षणासाठी हिमालयात गेली. वरच्या छावणीत फोन लागत नव्हता. घरातला तिचा आवाज एकदम बंद झाला आणि समतोलनं होत्या नव्हत्या तेवढ्या खुंट्या टोकाला नेल्या. एका सकाळी शशिकांतराव न्हाणीघराच्या दारात कोसळले. कपाळाला टाके पडले. दिवा नारिंगी झाला, निरोप डोंगर चढून गेला आणि ऋजुता प्रशिक्षण अर्धवट सोडून खाली उतरली.

चार दिवस ती उशाशी बसली. ते हिंडूफिरू लागल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, की ती तुकडीतून माघार घेते आहे. गोव्याला बैठक आहे, तिथं जाऊन कळवते, सामान घेऊन येते. इथल्या कॉलेजात काहीतरी बघेन. शशिकांतरावांना अरेरे वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी, अगदी क्षणभर, छातीत काहीतरी आनंदानं उडालं. त्याची त्यांना भीती वाटली.

बैठकीच्या दिवशी सकाळी पिसाळवहिनी आमटीचं भांडं घेऊन आल्या. शशिकांतराव दाराला टेकून उभे होते. वहिनींनी त्यांना खाली-वर न्याहाळलं.

"परवा पोरगी होती तर खुर्ची उचलून अंगणात ठेवत होतात, भावजी. आज भांडं धरवत नाही."

"अशक्तपणा आहे."

"राग मानू नका, पण तुमचं दुखणं लई शहाणं. आमच्या सासूबाईंचं अस्संच होतं. मी माहेरी गेले की तिसऱ्या दिवशी निरोप, म्हातारीच्या छातीत कळ आली. मी धावत यावं, तर ही बया चुलीपुढं भाकरी मोडून खातीय." आणि स्वतःच हसत त्या गेल्या.

शशिकांतरावांना ते लागलं. आपण सोंग करत नव्हतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चक्कर खरी होती, टाके खरे होते. हातात गरम भांडं घेऊन ते स्वयंपाकघरात तसेच उभे राहिले. मी सोंग करत नाही, त्यांनी मनात पुन्हा म्हटलं. मग कोण करतंय?

समोर फळीवर डबी होती.

भांडं ओट्यावर ठेवून, चप्पल अडकवून त्यांनी रिक्षा केली.

दवाखान्यात गर्दी होती, पण त्यांचा चेहरा बघून डॉक्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं. त्यांनी चाचरत शंका सांगितली. सांगताना आपण हास्यास्पद बोलतोय असं वाटून दोनदा थांबले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समतोलनं वर्षभरात काय काय बदललं त्याची रेघ पडद्यावर काढली आणि त्याखाली, घरात ऋजुताचा आवाज कधी ऐकू आला ती रेघ लावली. दोन्ही रेघा एकमेकींचा हात धरून चालत होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, "खाटेची नवार बघितलीय ना, काका? एकेक पट्टी बोटभर सैल झाली तर कुणाला कळत नाही. एकही पट्टी तुटलेली नसते. पण माणूस निजला की मधोमध जमिनीला टेकतो. मी एकेक पट्टी तपासत होते." त्यांनी चष्मा काढला. "सगळा माणूस बघते म्हणून मला अभिमान होता. यंत्रानंही सगळा माणूसच धरला. तात्पुरतं म्हणून लिहिलेलं ध्येय मी तसंच राहू दिलं. चूक माझी आहे."

औषधं एकदम तोडता येणार नव्हती. हळूहळू मागं आणायची; काही आठवड्यांत पूर्ववत व्हाल, त्या म्हणाल्या. इतर पेशंटांचंही आजच तपासावं लागेल. मग त्यांनी विचारलं, ऋजुताची बैठक कधी?

"बारा वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. डॉक्टर वाट बघत होत्या. शशिकांतरावांनी धोतर नीट करावं तसा पँटचा गुडघा ओढला आणि अगदी हळू म्हणाले, "डॉक्टर, तिला सांगायलाच पाहिजे का? तुम्ही यंत्र बंद कराल. मी बरा होईन. आणि तीही इथंच असेल."

बोलल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्या परवानगीशिवाय मी तिला काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे तुमच्यावर आहे."

खाली दुकानात कुणी बियाण्यांची पोती टाकत होतं; त्याचे धप धप आवाज येत होते. शशिकांतरावांच्या डोळ्यांपुढे ऋजुता आली, या कराडात, त्या स्वयंपाकघरात, दुधावर लक्ष ठेवून उभी. ती कधी काही बोलणार नाही. त्यांच्यासारखीच. दूध बघत उभी राहील, वर्षानुवर्षं.

"एक कळत नाही," ते म्हणाले. "एवढ्या खुंट्या फिरवल्या त्यानं. त्यानं मला एवढंच सांगायला हवं होतं, की लेकीला फोन लाव. सगळ्यांत सोपं तेच होतं."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "जे घडतं त्यावरूनच ते शिकतं, काका. तुम्ही तिला फोन लावलात असं वर्षभरात एकदाही घडलं नाही. अशी खुंटी आहे हेच त्याला माहीत नव्हतं." जरा थांबून म्हणाल्या, "मलाही नव्हतं."

शशिकांतरावांनी फोन काढला. नंबर शोधायला वेळ लागला. वैशालीनं तो 'ऋजू गोवा' असा घालून ठेवला होता.

एका रिंगमध्येच तिनं उचलला. "कोण बोलतंय? बाबांचा फोन तुमच्याकडे कसा? कुठं आहेत ते?"

"मीच बोलतोय."

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"नाही. काही झालं नाही. मी फोन लावलाय."

मग त्यांनी सांगितलं. सांगण्याची सवय नसल्यामुळे शेवटापासून सांगितलं, मग मधलं, मग सुरुवात. डॉक्टरांपुढे मी तुझा आवाज मागितला होता आणि त्या डबीनं तो मला आणून दिला, असं म्हणाले. मला आजारी पाडून.

ऋजुताचा आवाज बदलला. "तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं." इथं थांबता आलं असतं. "पण आवडत होतं."

फोन बंद झाला.

डॉक्टर खिडकीकडे बघत होत्या. "करेल ती परत," त्या म्हणाल्या. "रागावली असेल. थांबा थोडं."

थांबणं त्यांना उत्तम जमत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. घड्याळाचा काटा वर सरकत होता. शशिकांतरावांनी फोनकडे पाहिलं, आणि कुणी पुढे न धरता तो पुन्हा उचलला.

ह्या वेळी बराच वेळ वाजला. "काय आहे?" ती म्हणाली. ती रडत होती की जिने चढत होती, कळत नव्हतं.

"बैठकीत जा. जाते म्हणून सांग."

"आणि तुम्ही परत पडलात तर?"

"पिसाळवहिनी आहेत, डॉक्टर आहेत. ते उचलतील. उठलो की फोन मी करीन."

"तुम्ही?" तिनं नाकातून हसल्यासारखा आवाज केला. "तुम्ही कधी केलाय फोन?"

"दोन झाले. आत्ताच."

मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"ऋजू, मला तुझी आठवण येते," ते घाईनं म्हणाले, कारण वेळ संपत होता आणि डॉक्टर ऐकत होत्या आणि हे पुन्हा कधी जमलं नसतं. "मी ठणठणीत असलो तरी येते. त्याला दिवा लागत नाही. आता जा."

ती गेली.

नवं ध्येय डॉक्टरांनी त्यांच्याच शब्दांत लिहिलं: मी फोन लावीन. काही आठवड्यांनी पट्टी निघाली. डबी फळीवर राहिली, पण तिला हुकूम फक्त दिव्यांपुरता. ऋजुताच्या फोनवरचा प्रकृतीचा दिवा शशिकांतरावांनीच काढायला लावला. ती नको म्हणाली, भांडली, आणि शेवटी काढला.

जहाजावर तिला उपग्रहावरून फोन लागायचा. मग बर्फावर पोचल्यावरही लागायचा, पण बोललेलं तिकडं पोचायला एक क्षण जायचा आणि उत्तर यायला आणखी क्षण. प्रत्येक वेळी पलीकडून आधी धाप लागल्यासारखा तोच प्रश्न यायचा, "बाबा, काय झालं?" आणि ते म्हणायचे, "काही नाही." मग दोघांनाही पुढे काय बोलावं सुचायचं नाही, आणि ते पेठेतल्या भाजीचा भाव सांगायचे. बाबांचा फोन म्हणजे काहीतरी वाईट, ही एवढ्या वर्षांची भीती एका फोननं जाणारी नव्हती. त्यांनी पिच्छा सोडला नाही.

तिकडे सूर्य मावळून दोन महिन्यांचा काळोख सुरू झाला होता आणि इकडे कराडात ऊन चढत होतं, अशा एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा फोन लावला. फिरून आले होते, गुडघा जरा कुरकुरत होता, बाकी सगळं ठीक होतं. फोन उचलला गेला. तो क्षणभराचा अवकाश आला. ते प्रश्नाची वाट बघत राहिले.

"बोला, बाबा," ऋजुता म्हणाली.

त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला सुरुवात केली.